भौंऱ्याचं बिऱ्हाड

कुत्र्यांच्या निवाऱ्यात काम करणाऱ्या माणसाजवळ किस्से कसे साठतात, ते कपड्यांवरच्या केसांवरून कळतं. रविवारी घरी निघताना कितीही झटका, सोमवारी ऑफिसात शेजारची बाई खांद्यावरून एक उचलतेच आणि विचारते, "हा कोणाचा?" मग सांगावं लागतं. एक सांगितला की त्याच्यामागून दुसरा येतो, आणि चहा गार होतो.

आमचा निवारा तेव्हा रायपूरजवळ भनपुरीला होता. ट्रकवाल्यांच्या गॅरेजांच्या मागे एक बंद पडलेलं गोदाम, त्याचं आवार, आवारात दोन कडुनिंब. चालवायच्या मंदाताई. रेल्वेच्या शाळेतून विज्ञान शिकवून रिटायर झालेल्या. सगळं भनपुरी त्यांना दीदी म्हणतं, मी मराठी म्हणून ताई म्हणते. मी विम्याच्या ऑफिसात नोकरी करते आणि रविवारी तिथे जाते. माझा नवरा प्रकाश मला स्कूटरने सोडायला यायचा. तो सांगायचा की त्याला कुत्र्यांची भीती वाटत नाही, फक्त तो त्यांच्यापासून लांब बसतो. आणि चौथे साहू भैया. त्यांची माल वाहायची छोटी गाडी आहे. हप्ताभर सिमेंट आणि टाइल्स, रविवारी कुत्री.

काम आटोपलं की आम्ही चौघं कडुनिंबाखाली चहा घ्यायचो. त्या चहाच्या वेळी निघालेल्या गोष्टींपैकी निम्म्या एकाच कुत्र्याच्या आहेत.

*

नागपूरकडून कांद्याचा ट्रक आला होता. भनपुरीला ताडपत्री काढली तर कांद्याच्या पोत्यांवर एक तरणं कुत्रं उभं. बदामी रंग, एक कान पांढरा, बरगड्या मोजता येतील असं. ते कुठे चढलं, भंडाऱ्याला की राजनांदगावला, ड्रायव्हरला काही पत्ता नव्हता. बिचारा चांगला माणूस. एवढ्या रहदारीत त्याला रस्त्यावर सोडवेना, म्हणून विचारत विचारत आमच्या गेटपर्यंत घेऊन आला.

अशी कुत्री घाबरलेली असतात. मंदाताई जमिनीवर उकिडव्या बसल्या, हात पुढे केला, हळू आवाजात बोलायला लागल्या. कुत्र्याने त्यांच्याकडे पाहिलं, जागच्या जागी गरगर फिरलं, मग त्यांच्या डोक्यावरून उडी मारून पलीकडच्या पाण्याच्या टाक्यात जाऊन पडलं. बाहेर निघालं आणि ओल्या अंगाने पुन्हा फिरायला लागलं.

साहू भैया दोन पावलं मागे सरून म्हणाले, "ये तो भौंरा ए दीदी."

छत्तीसगढमध्ये भौंरा म्हणजे दोरी गुंडाळून फेकायचा लाकडी भोवरा. तेच नाव पडलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. जेमतेम वर्षाचा असेल, म्हणाले. तपासायला स्टेथोस्कोप लावला, तर भौंऱ्याने तो तोंडात धरला आणि गोदामाला पूर्ण चक्कर मारून आला. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप परत घेतला, रुमालाने पुसला आणि बॅगेत ठेवून दिला. ऐकायची गरज नाही, म्हणाले. "हार्ट अच्छा है."

*

पहिलं घर मिळालं ते नवा रायपुरात. तिवारीजी आणि त्यांची बायको, दोघंही नोकरीतून मोकळे झालेले, मुलं बाहेरगावी. नवीन सेक्टरात नवीन घर बांधून राहायला गेले होते. तिकडे रस्ते एवढे रुंद की पलीकडच्या माणसाला हाक ऐकू जात नाही, आणि बहुतेक पलीकडे माणूसच नसतो. बस कधी येईल याचा नेम नाही. घराच्या दोन्ही बाजूंना रिकामे प्लॉट. दोघांना सोबत हवी होती. भौंऱ्याला पळायला मोकळी जागा. आम्हाला वाटलं, जमलं.

हप्त्याभरात फोन आला की एकदा येऊन जा. 

पोचलो तर व्हरांड्यात सामान मांडून ठेवलेलं. वेगवेगळ्या मापांच्या चपला, एक पायपुसणं, मुलांची बॅट, अर्धा झाडू, एक स्टीलचा गडवा. सगळं भौंऱ्याने आणलेलं. रात्री-बेरात्री एवढ्या लांब लांब घरांमधून एकेक वस्तू उचलून तो मालकांना उठवून भेट देत होता. तिवारीजींनी सांगितलं की सकाळचा चहा झाला की ते पिशवी घेऊन निघतात आणि दारोदार सामान परत करतात. इतक्या दिवसांत या सेक्टरात कोणाची ओळख नव्हती, आता सगळ्यांची झाली. बॅटवाल्या पोराच्या घरी तर दोघांना जेवायला बोलावलं होतं.

मंदाताईंना आशा वाटली. म्हणजे फायदाच झाला की, असं त्या म्हणाल्या.

तिवारीजींनी चष्मा काढला. डोळे लाल झाले होते. "दीदी, पड़ोसी तो मिल गए," ते म्हणाले. "अब हम थोड़ा सोना चाहते हैं."

भौंऱ्याला गाडीत बसवताना त्यांच्या बायकोला रडू आलं. वाईट माणसं नव्हती ती. अजूनही थंडीत निवाऱ्यासाठी जुनी पांघरुणं पाठवतात.

*

दुसरी जागा एका कारखान्यात होती, बीरगांवच्या बाजूला. मॅनेजरला गेटवर कुत्रा पाहिजे होता, राखणीला. मंदाताईंनी साफ सांगितलं की हा राखण करणार नाही. मॅनेजर म्हणाला, गेटवर राहिला की आपोआप शिकतो.

तो शिकला. पण वेगळंच शिकला. शिफ्ट बदलताना पुढच्या पाळीचे कामगार सायकली घेऊन आत येत आणि आधीचे बाहेर पडत, आणि भौंरा त्या प्रत्येकासाठी गरगर फिरून स्वागत करायचा. आलेल्याचंही आणि गेलेल्याचंही. ट्रक आला तर ट्रकचंही. कामगार खूष होते, डब्यातली पोळी त्याच्यासाठी वेगळी काढून ठेवत. अनोळखी माणूस आला तर भौंरा त्याला ऑफिसपर्यंत पोचवून द्यायचा.

पूर्ण कारखान्यात तो एकाच गाडीवर भुंकायचा, आणि ती मालकाची होती. ती गाडी गेटवर थांबत नसे, काचा वर करून सरळ आत जायची. कोणी आपल्याला न भेटता आत जातं, हे भौंऱ्याला चालत नव्हतं. तो गाडीच्या मागे पळत ऑफिसच्या पायऱ्यांपर्यंत भुंकायचा, आणि मालक उतरायच्या आधी दाराशी उभा.

मॅनेजर स्वतः त्याला परत घेऊन आला. त्याने भौंऱ्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "दीदी, अब या तो कुत्ता बदलना पड़ेगा, या मालिक."

*

मग आम्ही एका बागेत शिबिर घेतलं. निवाऱ्यातली कुत्री न्यायची, लोकांना दाखवायची, ज्याला जे आवडेल ते त्याने घरी न्यायचं. मंदाताईंचा अनुभव असा की दमलेलं कुत्रं शहाणं दिसतं. म्हणून भौंऱ्याला आधी भरपूर पळवायचं ठरलं. पळवणार कोण? माझे गुडघे दुखतात, ताईंचं वय झालं, साहू भैया गाडी चालवणार. प्रकाश लांब बसलेला होता, तिथून त्याला उठवलं.

तो पहाटेच भौंऱ्याला घेऊन तलावाकडे गेला. किती फेऱ्या मारल्या ते त्याने आजवर सांगितलं नाही. शिबिरात परत आला तेव्हा शर्ट पिळण्यासारखा झाला होता, आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला भौंरा ताजातवाना. प्रकाश आमच्या टेबलामागच्या खुर्चीत बसला आणि तोंड उघडं ठेवून झोपून गेला. भौंरा त्याच्याभोवती फिरला आणि दोरीने त्याला खुर्चीशी बांधून टाकलं.

इतक्यात एक बाई आल्या. चांगल्या घरच्या, घरात लहान मुलगी. मंदाताईंनी शिकवल्याप्रमाणे मी सांगायला लागले की याला सकाळी थोडं फिरवलं की दिवसभर शांत राहतो. आजही सकाळी फिरवून आणलाय, पाहा.

त्या बाईंनी भौंऱ्याकडे पाहिलं. मग खुर्चीत बांधलेल्या प्रकाशकडे नीट पाहिलं.

"शांत तो भैया लग रहे हैं," त्या म्हणाल्या, आणि शेजारच्या टेबलावरून एक म्हातारी काळी कुत्री घेऊन गेल्या.

ती कुत्री आज त्यांच्या घरी सोफ्यावर झोपते. म्हणजे शिबिर काही वाया गेलं नाही.

*

आता जे सांगते, त्यात हसण्यासारखं फारसं नाही.

गोदामाचे मालक आम्हाला इतकी वर्षं ते आवार असंच वापरू देत होते. एक दिवस ते स्वतः आले, स्टुलावर बसले, चहा घेतला, आणि बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले. शेवटी सांगितलं की जावई तिथे धंदा सुरू करतोय, जागा लागेल. त्यांनाच जास्त वाईट वाटत होतं. कोणाची चूक नव्हती.

मंदाताईंच्या एका जुन्या विद्यार्थिनीने तिच्या घरामागचं अंगण देऊ केलं. जागा चांगली होती, पाण्याची सोय होती. पण लहान, आणि भिंती कमरेएवढ्या. म्हातारी, लंगडी, आजारी कुत्री तिथे आरामात राहिली असती. बाकीच्यांना आम्ही धडपड करून घरं शोधली. राहिला भौंरा. त्या भिंती त्याने बसल्या जागेवरून ओलांडल्या असत्या. तिकडे त्याला साखळीत ठेवावं लागणार होतं.

त्याला सवय व्हावी म्हणून आम्ही इकडेच कडुनिंबाला बांधून पाहिलं. पहिल्या दिवशी त्याने साखळी ओढली. झाडाभोवती फिरला, गुंडाळला गेला, आम्ही सोडवला, पुन्हा फिरला. दुसऱ्या दिवशी कमी ओढली. मग ओढणं बंद झालं. मी रविवारी गेले तेव्हा तो गोदामाच्या भिंतीकडे तोंड करून पडला होता. आदल्या दिवशीचा भात वाटीत तसाच. मी हाक मारली, तर शेपटीचं फक्त टोक हाललं. साहू भैयांनी खिशातून बिस्किटं काढली. तीसुद्धा त्याने हुंगली नाहीत.

मंदाताई आतून आल्या, खाली बसल्या, आणि त्याची साखळी काढायला लागल्या. कडी निघेना. मी मदत केली.

"वैशाली, मी याले बांधून जगवू शकत नाही," त्या म्हणाल्या. "आणि मोकळा ठेवायले जागा नाही. सांग, काय करू?"

मी साखळी गुंडाळून ठेवली. प्रकाशही तेव्हा लांब बसला नव्हता. तो आमच्या बाजूला उभा होता आणि भाताची वाटी हातात धरून होता.

*

त्याच्या पुढच्या रविवारी पाण्याच्या टँकरसाठी गेट उघडलं आणि भौंरा निघून गेला.

भनपुरीचा रस्ता ज्याने पाहिला आहे त्याला सांगायला नको. एकामागे एक ट्रक, आणि कोणी थांबत नाही. साहू भैयांनी मंदाताईंना गाडीत घेतलं, मी प्रकाशच्या मागे स्कूटरवर बसले. रस्त्याच्या कडेला काही पडलेलं दिसलं की मी डोळे मिटून घ्यायचे आणि प्रकाश पाहून सांगायचा, "पोतं आहे." पुढे, "टायर आहे." प्रत्येक चौकात तो स्कूटर थांबवून मोठ्याने भौंऱ्याला हाका मारत होता. लोक वळून पाहत होते. त्याने त्याआधी त्या कुत्र्याचं नाव एकदाही घेतलेलं मी ऐकलं नव्हतं.

एका चहावाल्याने सांगितलं की पांढऱ्या कानाचा कुत्रा बीरगांवकडे गेला. एक शाळेची मुलगी सायकलवर होती, तो तिच्या बरोबरीने पळत होता. आम्ही तिकडे वळलो आणि साहू भैयांना फोन केला.

शाळेच्या मैदानाबाहेरच आवाज ऐकू आला. मुलींचा आरडाओरडा, हसणं, आणि त्याच्यावर कोणाची तरी जोरजोरात शिट्टी. आत खो-खोचा सराव चालू होता, म्हणजे चालू असायला हवा होता. मुली रांगेत बसल्या होत्या, पळणाऱ्या पळत होत्या, आणि ज्या मुलीने त्यांना पकडायचं ती कमरेवर हात ठेवून उभी होती. कारण भौंरा तिचं काम करत होता. रांगेतल्या मुलींच्या मधून नागमोडी पळत तो एकेकीला गाठायचा, तिच्या हाताला नाक लावायचा आणि दुसरीच्या मागे लागायचा. कोणी त्याच्या हाती लागल्याशिवाय राहत नव्हती.

मंदाताई गाडीतून उतरल्या, मैदानाच्या कडेपर्यंत आल्या आणि तिथेच मातीत बसल्या. 

शिट्टीवाल्या बाई आमच्याकडे आल्या. पन्नाशीच्या, उंच, डोक्याला टोपी. या उज्ज्वला मॅडम, त्या शाळेच्या खेळाच्या शिक्षिका, मूळच्या वर्ध्याच्या. "तुमचा आहे का हा?" त्यांनी विचारलं, आणि आम्ही मराठीत बोलतोय हे ऐकून त्यांनी मराठीतच रागवायला सुरुवात केली. एवढ्या रस्त्यावर कुत्रं मोकळं सोडता, काही झालं असतं म्हणजे? माझी पूर्ण प्रॅक्टिस मोडली. घेऊन जा याले. रागवता रागवता त्यांचं लक्ष मंदाताईंच्या चेहऱ्याकडे गेलं. मग त्या थांबल्या, आपली पाण्याची बाटली उघडली आणि त्यांच्या हातात दिली.

परत येताना भौंरा साहू भैयांच्या गाडीत झोपला. त्याला झोपलेला आम्ही पहिल्यांदा पाहत होतो. गेटशी पोचल्यावरही कोणी त्याला उठवलं नाही. आम्ही गाडीभोवती उभं राहूनच चहा घेतला.

*

उज्ज्वला मॅडम नंतरच्या रविवारी स्कूटरवरून आल्या. शिट्टी गळ्यातच होती.

आल्या त्या गेटशी उभ्या राहिल्या आणि सरळ मुद्द्याचं बोलल्या. हप्ताभर पोट्ट्या रोज विचारून राहिल्यात की तो कुत्रा कधी येणार. आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी त्या जशा पळाल्या, तशा मॅडमच्या शिट्टीवर कधी पळाल्या नव्हत्या. घरी त्या आणि त्यांची आई, दोघीच. घर शाळेच्या भिंतीला लागून. सकाळ-संध्याकाळ मैदान. त्यांना भौंरा पाहिजे होता.

मंदाताई आतापर्यंत पोळल्या होत्या. त्यांनी मॅडमला कडुनिंबाखाली बसवलं आणि भौंऱ्याचे सगळे अवगुण सांगून टाकले, एकही न लपवता. हा राखण करत नाही. लोकांच्या घरच्या वस्तू उचलून आणतो. दिवसभर पळतो, घरच्यांना झोपू देत नाही. दहादा सांगितलं तरी ऐकत नाही. बांधून ठेवलं तर जेवत नाही. सगळ्यांच्या अंगावर उड्या मारतो.

मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं.

"ताई, मी आठवी-नववीच्या पोट्ट्या सांभाळते," त्या म्हणाल्या. "यात नवीन काय सांगितलं तुम्ही?"

*

घर पाहायला गेलो तेव्हा खरी अडचण कळली. ती म्हणजे मॅडमची आई.

आजी व्हरांड्यात खाटेवर बसून तांदूळ निवडत होत्या. वय ऐंशीच्या पुढे, आवाज खणखणीत. आम्ही बसायच्या आधीच त्यांनी सांगितलं, "मले कुत्रं नको." कारणही सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. आदल्या वर्षी न्हाणीत पडून त्यांचं कमरेचं हाड मोडलं होतं. कित्येक महिने अंथरुणावर काढून त्या आता कुठे काठी धरून चालत होत्या. हा उड्या मारणारा प्राणी एकदा अंगावर आला की पुन्हा दवाखाना. त्या म्हणाल्या, "पोरगी शाळेत जाईन, मी खाली पडून राहीन, आणि हा भोवती नाचून राहीन."

मॅडमना ते पटलं. मंदाताईंनीही कबूल केलं की आजींचं बरोबर आहे. आम्ही निघायच्या तयारीत होतो.

साहू भैया मात्र व्हरांड्याची चौकट हाताने मापत होते. त्यांनी हिंदीत विचारलं, इथे कमरेपर्यंत फाटक बसवलं तर? माताजी आत, कुत्रा अंगणात. संध्याकाळी मॅडम घरी आल्या की उघडायचं. आजींनी विचारलं, हा उडी मारून आत नाही येणार काय? साहू भैया म्हणाले, मग छातीपर्यंत करू. दोनच दिवसांत त्यांनी जुन्या लाकडाचं फाटक आणून बसवलं, कडी आतल्या बाजूला, म्हणजे कोणाला आत घ्यायचं ते आजींच्या हातात.

आजींनी कडी दोन-तीनदा लावून-काढून पाहिली. मग म्हणाल्या, "राहू द्या थोडे दिवस. पण मी त्याले हात लावणार नाही."

भौंऱ्याला ठेवून आम्ही भनपुरीला परत आलो. नव्या जागेत जायचं उरलेलं सामान बांधायचं होतं. दुपारी चहा झाला, आणि बोलता बोलता मंदाताई खुर्चीतच झोपल्या, कप हातात. कितीतरी दिवसांत त्यांना धड झोप नव्हती. प्रकाशने कप हळूच काढून घेतला. आम्ही भांडी, पातेली, साखळ्या, सगळं आवाज न करता गाडीत भरलं.

पंधरवड्याने आजींचाच फोन आला. भौंरा परत येणार, असंच मंदाताईंना वाटलं. त्यांनी फोन सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. आजींची तक्रार होती, आणि ती बरीच मोठी होती. कुत्रा मैदानातून येतो तो जीभ बाहेर काढून आणि फाटकाशी आडवा होतो. त्याले नीट खाऊही देत नाही पोरगी, लगेच संध्याकाळची प्रॅक्टिस. काल तर पाय चाटत बसला होता, आत घेऊन तेल लावून द्यावं लागलं.

"माह्या पोरीले तुम्ही काही सांगा," आजी म्हणाल्या. "जीव घेईन ती त्याचा."

*

थंडीच्या दिवसांत एका सकाळी आम्ही चौघं बीरगांवला गेलो. नव्या अंगणात कुत्री रुळली होती, काम कमी झालं होतं, आणि मॅडमनी सराव पाहायला बोलावलं होतं.

भौंरा मैदानाच्या रेषेबाहेर मॅडमच्या पायाशी उभा होता. अंग भरलं होतं. आम्हाला पाहून धावत आला, चौघांभोवती फिरला, प्रकाशच्या हातातला रुमाल घेतला आणि मॅडमला नेऊन दिला.

मुली जागेवर बसायला लागल्या. खो-खोत एका रांगेत चौकोन आखलेले असतात. प्रत्येक चौकोनात एक मुलगी बसते, एकीचं तोंड इकडे, शेजारणीचं तिकडे, पुन्हा इकडे, पुन्हा तिकडे. पाठलाग करणारी दमली किंवा तिला वळता आलं नाही, की ती बसलेल्या एखादीच्या पाठीवर थाप मारून म्हणते, खो. मग ती बसलेली उठून पळते आणि ही तिच्या जागेवर बसते.

त्या दिवशी एक मुलगी तापामुळे आली नव्हती. रांगेत एक चौकोन रिकामा राहिला. मॅडमनी वर्गातून कोणाला तरी बोलवायला सांगितलं आणि शिट्टी हातात धरून थांबल्या.

भौंरा त्यांच्या पायाशी उभा होता. त्याने रांगेकडे पाहिलं. मग तो चालत गेला, पळत नाही, चालत. त्या रिकाम्या चौकोनात शिरला, एकदा वळला आणि बसला. अलीकडच्या मुलीचं तोंड आमच्याकडे होतं, पलीकडचीचंही आमच्याकडे. त्याने आमच्याकडे पाठ केली होती.

 मॅडमनी एकदा मंदाताईंकडे पाहिलं आणि शिट्टी वाजवली.

खेळ सुरू झाला. मुली त्याच्या पुढून पळाल्या, मागून पळाल्या. धूळ उडाली. इकडे खो, तिकडे खो. भौंऱ्याचे कान ताठ होते, पाठीवरची कातडी थरथरत होती, पण तो जागचा हालला नाही. साहू भैयांनी माझा हात धरला होता, त्यांना ते कळतही नव्हतं.

मग एक बारीकशी मुलगी, दोन वेण्या घातलेली, पाठलाग करता करता त्याच्या मागे आली. तिने बाकीच्यांना मारतात तशीच त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाली, "खो."

तो उठला आणि पळाला. ती त्याच्या जागेवर बसली.